नाताळची सुट्टी: मालवण की संभाजीनगर? पाच जणांचा हिशेब

दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच आमच्याकडे वाद सुरू होतो: नाताळात कुठे जायचं? मी पुण्याची, नणंद डोंबिवलीची. ती मालवणवर अडून बसते, मी संभाजीनगरवर. दोन्हीकडे आम्ही पाच जण जाऊन आलोय: सासूबाई (वय 78), मुलगी 13 वर्षांची, मुलगा 7 वर्षांचा आणि आम्ही दोघं. गोवा आणि महाबळेश्वर मी यादीतच धरत नाही. नाताळच्या आठवड्यात पसरणीच्या घाटात गाडीत बसून चिक्कीच खायची असेल तर ती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते.

आधी प्रवास, कारण निम्मा निकाल इथेच लागतो

डोंबिवली-ठाण्याकडच्यांना मालवण सोपं. रात्री कोकण रेल्वेत बसलं की सकाळी कुडाळ, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. पण आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे 25 डिसेंबरचं तिकीट 26 ऑक्टोबरला सकाळी काढायचं. दुपारी आठवण झाली तर वेटिंगच हाती येतं. पुण्याहून कुडाळला सोयीची गाडी नाही, मग कोल्हापूरवरून घाट उतरून जायचं. घाट लागला की आमच्या धाकट्याला पिशवी लागते, त्यामुळे तो प्रवास मी पुन्हा करणार नाही.

पुणे ते संभाजीनगर नगरमार्गे साधारण 235 किलोमीटर, घाटबिट काही नाही. आणि इथे एसटीचा हिशेब बघा. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, आधार कार्ड दाखवलं की तिकीट शून्य. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून मी आणि मुलगी अर्ध्यात. मुलगाही बारा वर्षांच्या आतला, तोही अर्ध्यात. पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं. पाच जण अडीच तिकिटांत! रेल्वेत मात्र ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे आणि सात वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, म्हणजे पाचाची पाच तिकिटं. एसटीची सवलत मालवणलाही चालते हे खरं, पण रात्रभर लाल गाडीत सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय.

राहणं

मालवण, तारकर्ली, देवबागला घरगुती खोल्या भरपूर. एरवी परवडतात, पण नाताळ ते 1 जानेवारी या दिवसांत भाव दुपटीच्या घरात जातो. आमचा एक अनुभव असा की फोनवर एक भाव ठरला आणि दारात पोचल्यावर ‘सीझन आहे ना, ताई’ म्हणून दुसरा. सामान उतरवलेलं, मुलं समुद्राकडे पळालेली, भांडणार कोण? तेव्हापासून भाव, जेवण धरून की सोडून, जादा गादीचे किती, हे सगळं मी आधी लेखी मागवून घेते. संभाजीनगर मोठं शहर असल्यामुळे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास साध्या लॉजपासून सगळं मिळतं. खिडकीतून नारळाची झाडं दिसत नाहीत, एवढंच.

पैसे गळतात कुठे

मालवणात बघण्याचा खर्च थोडाच. जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला, किनाऱ्यावर सकाळी ओढली जाणारी रापण (मासे धरायचं लांबलचक जाळं), संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव. शेवटच्या दोन गोष्टी तर फुकट, आणि माझ्या मते तिथल्या सगळ्यात भारी. गळती होते ती स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राईडमध्ये, तेही माणशी. एकाने केलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. मग ताट. पापलेट-सुरमईच्या थाळीने पाच जणांचं बिल कुठल्या कुठे जातं. बांगड्याच्या थाळीवर थांबलात तर बरं, सोलकढी तीच असते. शिवाय मार्गशीर्ष कधी कधी नाताळ ओलांडतो. 2024 मध्ये तसंच झालं होतं. सासूबाई महिनाभर मासे बंद ठेवतात. मालवणला जाऊन त्यांनी उसळ-भात खाल्ला आणि आम्ही त्यांच्यासमोर तळलेले बांगडे. घास काही उतरेना.

संभाजीनगरात गळती गाडीभाड्यात. वेरूळ तीसेक किलोमीटर आणि दौलताबादचा किल्ला त्याच वाटेवर, त्यामुळे हा दिवस कन्नडकडे जाणाऱ्या एसटीने निभतो. अजिंठा मात्र उलट दिशेला, शंभरेक किलोमीटर. त्या दिवशी आम्ही गाडी केली, तरी फर्दापूर फाट्याला ती सोडून लेण्यांपर्यंत एसटीच्याच बसने जावं लागतं. प्रवेशाचं तिकीट किरकोळ: वेरूळ आणि अजिंठ्याला माणशी 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना काहीच नाही. दोन्ही लेणी मिळून आमचे 240 रुपये झाले. बनाना राईडच्या भावाशी ताडून बघा.

एक सापळा लक्षात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री पोचून दोनच दिवसांत उरकायचं असेल, तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. उलटं केलंत तर दोन्ही दिवस कुलूप बघून परत.

म्हातारी माणसं आणि मुलं

मालवणच्या होडीत चढताना सासूबाईंचा एक पाय जेट्टीवर, एक होडीत आणि मधे पाणी. दोघा खलाशांनी अलगद उचलून ठेवलं. पण किल्ल्यात गेल्यावर शिवराजेश्वराच्या देवळात त्या इतक्या शांत बसल्या, की निघा म्हणायला जीव होईना. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे मुलाला अजून पटलेलं नाही.

अजिंठ्याला पायऱ्या पुष्कळ. डोली मिळते, सासूबाईंनी मानाने नाकारली आणि खाली बागेत बसून राहिल्या. पहिल्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र दिसायला डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. तोवर मुलगा बाहेर. वेरूळला मात्र तोच मुलगा तासभर हलला नाही. कैलास लेणं कळसापासून खाली कोरत आणलंय म्हटल्यावर त्याचा प्रश्न: ‘मग चुकलं तर खोडायचं कसं?’ सासूबाईंना घृष्णेश्वराचं दर्शन तिथेच, हाकेच्या अंतरावर.

थंडीचं म्हणाल तर डिसेंबरातही मालवणला दुपारी घाम येतो. स्वेटर घालून चहा प्यायचा तर मराठवाड्यातच.

तर माझं मत असं. मुंबई-ठाण्याचे असाल, मुलं लहान असतील आणि शाळा ऐकत असेल, तर मालवणला जा, पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. नाताळच्याच आठवड्यात निघावं लागत असेल, किंवा पुण्याचे असाल, तर संभाजीनगर. चार दिवस ठेवा, अजिंठ्याला अख्खा दिवस द्या.

हा सगळा हिशेब परवा नणंदेला पाठवला. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘हुरडा मिळणार का, तेवढं सांग.’