सातपूरच्या सरांचा शनिवारचा वर्ग: लिहायला-बोलायला शिकायचं असेल तर

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव पिंपळगाव बसवंतजवळ, घरची द्राक्षबाग, दहावीपर्यंत मराठी माध्यम. गेल्या वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दहा शनिवार मी नाशिकच्या सातपूरला एका सरांच्या घरी लिहायला आणि बोलायला शिकायला जात होते. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही. सरांनी त्यांचं नाव कुठेही टाकायला मनाई केली आहे, म्हणून इथे टाकत नाही. पण आमच्या कॉलेजच्या निम्म्या मुलांनी मला या वर्गाबद्दल विचारून झालंय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी कॉलेज रोडच्या एका स्पोकन इंग्लिश क्लासचं सांगते. सेकंड इयरला तिथे तीन महिन्यांचे सहा हजार रुपये भरले होते. घरी आमच्या नानांनी ते पैसे बागेचा माल विकून आल्यावर लगेच काढून दिले होते, म्हणून ती रक्कम माझ्या चांगली लक्षात आहे. तिथे आम्हाला स्वतःची ओळख पाठ करायला लावली. तीस मुलं एकामागोमाग एक उभी राहून सांगायची, मी मेहनती आहे, मी टीम प्लेअर आहे, माझा कमकुवत मुद्दा म्हणजे मी कामात फार गुंतते. तीन महिन्यांनी माझी बोलायची भीती थोडी कमी झाली, हे खरं. पण पुढच्याच सेमिस्टरला एका व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू नक्की काय केलंस?" आणि मी दोन मिनिटं बोलूनही ते सांगू शकले नाही. शब्द होते, सांगायचं काय तेच ठरलेलं नव्हतं.

सातपूरच्या सरांकडे मला एका सीनिअर ताईने पाठवलं. सर सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीसएक वर्षं मेंटेनन्स आणि डिझाइनमध्ये होते, आता निवृत्त आहेत. भाषेचे शिक्षक नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचून त्यावर निर्णय घेतलेला माणूस, आणि शिकवतात तेही त्याच बाजूने, म्हणजे वाचणाऱ्याच्या बाजूने.

पहिल्या दिवशी इंग्रजीचं नाव नाही. चौदा मुलं हॉलमध्ये सतरंजीवर. सरांनी जोड्या लावल्या आणि पाठीला पाठ लावून बसवलं. एकाच्या हातात एक ड्रॉइंग, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. चित्र अगदी साधं होतं: १०० बाय ६० ची प्लेट, दोन भोकं, एका कोपऱ्याला तिरका काप. ज्याच्याकडे ड्रॉइंग आहे त्याने फक्त बोलायचं, दुसऱ्याने विचारायचं नाही, नुसतं काढत जायचं. मी बोलत होते आणि मला वाटत होतं की फार छान सांगतेय. उघडून बघितलं तर माझ्या जोडीदाराने प्लेट उभी काढली होती, काप भलत्याच कोपऱ्याला, आणि एक भोक जवळजवळ काठावर. कारण मी म्हणाले होते, "डाव्या बाजूने पंधरावर भोक." पंधरा कुठून कुठपर्यंत, भोकाच्या मध्यापर्यंत की त्याच्या कडेपर्यंत, ते सांगितलंच नव्हतं. प्लेट आडवी धरायची हेही नाही. दोन वर्षं ड्रॉइंगला चांगले मार्क पडलेली मी. सर एवढंच म्हणाले, "भोक चुकलं ते त्याचं नाही, तुझं."

दुसऱ्या आठवड्यापासून लिखाण. पहिला विषय ब्रेकडाऊन रिपोर्ट. सरांनी तोंडी घटना सांगितली: प्रेस शॉपमधली तीन नंबरची हायड्रॉलिक प्रेस दुपारी बंद पडली, सिलेंडरचं सील फाटलंय, स्टोअरमध्ये सुटं सील नाही, आता मॅनेजरला कळवा. मी दीड पान लिहिलं. सुरुवात अशी, की हायड्रॉलिक प्रेस हे पास्कलच्या नियमावर चालणारं यंत्र आहे. सरांनी लाल पेनाने वरच्या अकरा ओळींवर एकच तिरकी रेघ मारली आणि माझं मुद्द्याचं वाक्य जिथे सुरू होत होतं तिथे गोल केला. ते वाक्य बाराव्या ओळीत होतं. मग आम्हाला चार प्रश्न फळ्यावर लिहून दिले, तेच पुढे शेवटच्या आठवड्यापर्यंत चालले: काय झालं, आत्ता स्थिती काय, मला काय हवंय, कधीपर्यंत. माझा रिपोर्ट शेवटी एवढा उरला:

"प्रेस क्र. ३ दुपारी २:१० पासून बंद आहे. सिलेंडरचं सील फाटलं आहे, सुटं सील स्टोअरमध्ये नाही. सील उद्या सकाळी १० पर्यंत आलं तर दुपारच्या पाळीत मशीन चालू होईल. खरेदीला आज मंजुरी हवी आहे."

हे वाचताना सोपं वाटतं. पण आमच्यातल्या एकालाही पहिल्या फेरीत जमलं नाही, आणि त्याचं कारण मला तिथेच कळलं. आपण चार वर्षं जर्नल लिहितो. एम (उद्देश), अपरेटस, थिअरी, प्रोसिजर, कन्क्लुजन, आणि तेही बहुतेक वेळा सीनिअरच्या जर्नलमधून उतरवलेलं. ते वाचणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. तो फक्त आपण पानं भरली का ते बघतो. म्हणजे ज्याला काहीच माहीत नाही आणि ज्याला आपल्या लिहिण्यावरून काहीतरी करायचंय, अशा माणसासाठी आपण एकदाही लिहीत नाही. आणि नोकरीत तर पहिल्या दिवसापासून अशाच माणसासाठी लिहायचं असतं. मला हे कोणीतरी फर्स्ट इयरलाच सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

चौथ्या आठवड्याचा गृहपाठ मी विसरणार नाही. घरातलं कुठलंही यंत्र घ्या आणि ते कधीही न चालवलेल्या माणसासाठी सूचना लिहा. मी आमचा फवारणीचा ब्लोअर घेतला. ऑक्टोबर छाटणी झालेली होती, फवारण्या सुरू होत्या, आणि ट्रॅक्टर चालवायला नवीन दादा आलेला होता. मी आधी इंग्रजीत लिहून नेलं. सरांनी विचारलं, "वाचणार कोण?" मी म्हटलं, आमच्याकडचा दादा. "त्याला इंग्रजी येतं?" कागद परत. मग मराठीत लिहिलं, पाच ओळी: टाकी भरा, औषध मिसळा, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा दांडा) सुरू करा, प्रेशर बरोबर ठेवा, फवारणी करा. सर म्हणाले, हा कागद त्याच्या हातात दे आणि बाजूला उभी राहा, बोलू नकोस.

रविवारी सकाळी तसं केलं. दादा कागद घेऊन ट्रॅक्टरपाशी उभा राहिला. पहिल्याच ओळीला थांबला. "ताई, टाकी पुरी भरू का आर्धी? औषध आधी का पाणी?" मी गप्प. नाना लांबून बघत होते, त्यांनाही मी बोलू दिलं नाही. चौथ्या ओळीला तो पुन्हा थांबला. "बरोबर म्हंजे किती?" मी घाईत कागदावर १२ लिहून दिलं, कारण नाना १२ ठेवतात हे मला माहीत होतं. त्याने प्रेशर दाखवणाऱ्या गेजजवळ डोकं नेलं आणि म्हणाला, "कोणतं बारा? काळ्यातलं का लालमधलं?" आमच्या गेजवर दोन गोल आहेत, बाहेरचा काळा बारचा, आतला लाल पीएसआयचा. बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. त्याने विचारलं नसतं आणि लालमधलं बारा धरलं असतं तर नोझलमधून नुसतं पाणी गळलं असतं आणि औषध पानापर्यंत पोचलं नसतं. तेही डाऊनीच्या, म्हणजे द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगाच्या, दिवसांत.

पुढच्या शनिवारी मी हे सांगितल्यावर सरांनी मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सांगितली. नासाचं मंगळाकडे पाठवलेलं हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये हातचं गेलं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले आणि पुढच्या लोकांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. यान मंगळाच्या फार जवळून गेलं आणि हरवलं. आकडे चुकलेले नव्हते, त्यांच्यापुढचं एकक पोचलं नव्हतं. मी ही गोष्ट आधी कुठेतरी वाचली होती, पण तेव्हा ती नासाची गोष्ट होती. आमच्या ब्लोअरसमोर उभं राहिल्यावर ती माझी झाली. तेव्हापासून माझ्या वहीत एककाशिवाय एकही आकडा नाही.

त्या सूचना मी चार वेळा लिहिल्या. शेवटच्या कागदात पहिली ओळ हातमोजे आणि तोंडाला फडक्याची आहे, मग टाकीत आधी ३०० लिटर पाणी, मग बादलीत कालवलेलं औषध जाळीतून, मग ६०० च्या खुणेपर्यंत पाणी. प्रेशरच्या ओळीत लिहिलंय, "काळ्या गोलातला काटा १२ वर." तो कागद लॅमिनेट करून शेडमध्ये लावलाय. दादाने खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे, काम झाल्यावर नोझल धुण्याची. ती मला सुचली नव्हती.

बोलण्याचं सर वेगळं शिकवत नाहीत. आधी लिहायचं, मग लिहिलेलं दोन मिनिटांत कागद न बघता सांगायचं, मग तेच दुसऱ्या माणसासाठी सांगायचं: एकदा मशीनवरच्या ऑपरेटरला, एकदा अकाउंट्सवाल्याला, एकदा आपल्या आजीला. आजीला फटीग फेल्युअर (पुन्हा पुन्हा ताण बसून धातू तुटणं) सांगताना मी तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडून दाखवली, तेव्हा सरांनी पहिल्यांदा मान डोलावली. आधी मराठीत विचार पक्का करा, मग इंग्रजीत न्या, अशी त्यांची पद्धत आहे. आमच्यासारख्या मराठी माध्यमातल्या मुलांना याचा केवढा आधार वाटतो ते शब्दांत सांगणं कठीण आहे. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या मराठीला अडचण न समजता हत्यार समजत होतं.

दर आठवड्याला एक काम वाचनाचं असायचं. टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन एक अग्रलेख वाचायचा आणि तो पाच ओळींत उतरवायचा. १८४० साली सुरू झालेलं हे वाचनालय आपल्या गावात आहे आणि मी तीन वर्षं नाशिकला राहून आत पाऊल टाकलं नव्हतं. आता सवयच लागली आहे. यंदा मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेलाही जाऊन बसले. वक्ता पहिल्या मिनिटात काय करतो, लोक चुळबुळ कधी करतात, हे वहीत टिपत होते.

आता जे पटलं नाही ते. मुलाखत आणि ग्रुप डिस्कशनसाठी हा वर्ग पुरेसा नाही. जीडी दहा आठवड्यांत फक्त दोनदा झालं. इंग्रजी व्याकरण सर जवळजवळ तपासत नाहीत. काळ चुकला तर सोडून देतात, अर्थ चुकला तर सोडत नाहीत. ज्याचं इंग्रजी मुळात कच्चं आहे त्याला त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावीच लागेल, मी अजून घेतेय. सरांचा लाल पेन कडक आहे. आमच्यातली दोन मुलं तिसऱ्या आठवड्यात यायची थांबली, आणि मला वाटतं, त्यांच्याशी जरा मऊ बोललं असतं तर ती टिकली असती. हे मी सरांनाही सांगितलं. आणि वेळ. पाच ते आठ म्हणजे थंडीत मुलींना अडचण होते. सुटल्यावर निमाणीच्या बस स्टँडला पोचून पिंपळगावची एसटी धरेपर्यंत मला साडेनऊ व्हायचे, घरी सगळे जागे. पुढच्या बॅचची वेळ तीन ते सहा करा अशी आम्ही मुलींनी विनंती केली आहे आणि सरांनी होकार दिला आहे.

फी दहा आठवड्यांची अडीच हजार. तीही दोन हप्त्यांत चालते.

फरक पडला का, हे सगळेच विचारतात. डिसेंबरच्या सुट्टीत नाशिकमधल्याच अंबडच्या एका कारखान्यात इंटर्नशिप केली. दर शुक्रवारी साहेबांना रिपोर्ट द्यायचा होता. पहिला रिपोर्ट मी रूमवर बसून तीन वेळा लिहिला, अर्ध्या पानाचा झाला. सोमवारी साहेबांनी तोच मेल, एक शब्द न बदलता, वर पाठवलेला मी पाहिला. वर त्यांनी फक्त लिहिलं होतं, खाली बघा. त्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी गेटबाहेर येऊन नानांना फोन केला. नानांना मेल म्हणजे काय ते पुरतं माहीत नाही, पण त्यांनी विचारलं, "तुझंच लिहिलेलं गेलं का?" मी हो म्हटलं.

पुढची बॅच गणपतीनंतर सुरू होते. जागा चौदाच असतात, तेव्हा ज्याला यायचंय त्याने मला आधी सांगावं, मी सरांशी बोलून देईन. पहिल्या दिवशी दोनशे पानी वही, पट्टी आणि पेन्सिल घेऊन जा. पाठीला पाठ लावून बसायचं आहेच.