क्वांटम वेल की क्वांटम डॉट? ओसीटीसाठी एसएलडी आखताना

ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी (ओसीटी) म्हणजे प्रकाशाने ऊतींचे आतले थर दाखवणारं तंत्र. त्यासाठी सुपरल्युमिनेसंट डायोड, म्हणजे रुंद स्पेक्ट्रमचा प्रकाश देणारा एसएलडी, आखायला घेतला की नजर आधी बँडविड्थवर, म्हणजे स्पेक्ट्रमच्या रुंदीवर जाते. साहजिकच आहे. तरंगलांबीच्या वर्गाला बँडविड्थने भागून ०.४४ ने गुणलं की हवेतलं खोलीचं रिझोल्यूशन मिळतं: ८४० नॅनोमीटरला ५० नॅनोमीटर बँडविड्थ असेल तर सुमारे ६.२ मायक्रोमीटर. तेवढंच १३१० नॅनोमीटरला हवं असेल, तर १२० नॅनोमीटरच्या आसपास बँडविड्थ लागते. आणि खरी परीक्षा तिथेच आहे.

दृष्टिपटलासाठी ८४० वर काम करायचं असेल तर फार विचार नको, क्वांटम वेलच घ्या, म्हणजे काही नॅनोमीटर जाडीचा अर्धवाहक थर. इंडियम आर्सेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे नॅनोमीटर आकाराचे कण, त्या पट्ट्यात बसत नाहीत; त्यांची जागा साधारण १००० ते १३०० नॅनोमीटर.

तिथे मात्र निवड अवघड होते. वेलमध्ये गेन (प्रकाशाचं वर्धन) भरपूर, त्यामुळे आखूड चिपमधूनही पॉवर मिळते. स्पेक्ट्रम रुंद करायला वेगवेगळ्या जाडीच्या वेल एकावर एक घेतात, पण होल (धन प्रभारवाहक) जड असल्याने ते जिथून शिरतात त्या पी बाजूच्या वेलमध्येच जास्त साचतात आणि तीच वेल वरचढ ठरते. म्हणून थरांचा क्रमही काळजीने ठरवावा लागतो.

डॉटचा आकार मुळातच कमी-जास्त असतो. लेसरला नडणारी ही गोष्ट इथे कामाची, कारण स्पेक्ट्रम आपोआप पसरतो. पण गेन कमी, म्हणून थर जास्त आणि वेव्हगाइड (प्रकाशाची चिपमधली वाट) लांब. करंट वाढवला की ग्राउंड स्टेट (सर्वांत खालची ऊर्जापातळी) संपृक्त होते, एक्सायटेड स्टेटचा (वरच्या पातळीचा) प्रकाश वाढतो. दोन्ही शिखरं सारखी होतात तेव्हा बँडविड्थ सर्वांत जास्त, मात्र मध्ये खळगा पडतो. हा खळगा प्रतिमेत खोटे थर उमटवतो! शिवाय पॉवर त्या एकाच करंटला जखडली जाते. विद्युत संपर्क दोन भागांत तोडून वेगळे करंट दिले तर ती सुटते.

दोन्हींत टोकांचं परावर्तन दाबावंच लागतं: वेव्हगाइड सुमारे ७ अंश तिरका, वर परावर्तनरोधक लेप. अपवर्तनांक ३.५ धरला, तर १ मिलिमीटर चिपची छाया (टोकांच्या परावर्तनाने उमटणारी खोटी प्रतिमा) ३.५ मिलिमीटर अंतरावर दिसते. डॉटची लांब चिप ती छाया अनेकदा प्रतिमेबाहेर ढकलते, हा तिचा दुर्लक्षित फायदा.

माझं मत: त्वचेसाठी १३१० वर पॉवर आणि गुळगुळीत स्पेक्ट्रम हवा असेल तर वेल. बारीक थर वेगळे करायचे असतील आणि दोन करंट सांभाळायची तयारी असेल, तर डॉट. पण आधी खळग्याची खोली मोजा, मगच बँडविड्थच्या आकड्यावर विश्वास ठेवा.