क्षारपड रानात ब्रासिनोलाईड आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड: टोमॅटो आणि गव्हावरचा अनुभव

आमचं रान वाळवा तालुक्यात. उसाला वर्षानुवर्षं मोकाट पाणी दिल्यानं या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या, हे इथं कुणाला सांगायला नको. माझ्या रानाचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) वरच्या अंगाला 4 च्या आसपास, तर ओढ्याकडच्या कोपऱ्यात 9 च्या पुढं आहे. हे आकडे संपृक्त अर्काचे, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचे. बऱ्याच प्रयोगशाळा 1:2.5 प्रमाणात पाणी घालून ईसी काढतात, तो बराच कमी दिसतो, आणि माणूस उगाच निर्धास्त होतो. रिपोर्ट घेताना पद्धत विचाराच.

टोमॅटोला 2.5 पर्यंत सोसतं, त्यापुढं ईसीच्या प्रत्येक अंकाला साधारण दहा टक्के उत्पादन जातं. गहू 6 पर्यंत दम धरतो. म्हणजे वरच्या अंगालाही टोमॅटोचं साधारण पंधरा टक्के नुकसान आधीच ठरलेलं. ब्रासिनोलाईड आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड या दोन वाढ-संप्रेरकांनी ते कितपत भरून निघतं, एवढंच मला बघायचं होतं. दोन्ही पिकांत काही सऱ्या नि वाफे मुद्दाम कोरे, म्हणजे औषधाविना ठेवले.

खरा फरक दिसला तो सुरुवातीला. गव्हाचं बी सॅलिसिलिकच्या पाण्यात रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरलं, तर उगवण एकसारखी झाली. कोऱ्या वाफ्यांत मात्र जागोजागी खांडण्या. टोमॅटोची रोपं लावणीनंतर जी आठ-दहा दिवस मान टाकून बसतात, तेही फवारलेल्या सऱ्यांत कमी झालं. ब्रासिनोलाईड सोडियमला जरा रोखतं, पोटॅश टिकवतं, असं त्याचं काम. पण जमिनीतलं मीठ ते काढत नाही! ओढ्याकडच्या कोपऱ्यात, जिथं सकाळी वरंब्यावर मिठाचा पांढरा थर दिसतो, तिथं फवारलेलं आणि न फवारलेलं सारखंच करपलं. पानांच्या कडा आधी, मग सगळं पान.

सॅलिसिलिकची पावडर स्वस्त, पण विरघळवायचा वैताग. थेट पंपात टाकली तर पाण्यावर तरंगत बसते आणि नोझल धरते. थोड्या स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळवून, मग ढवळत ढवळत पाण्यात ओतायची. 15 लिटरच्या पंपाला साधारण 1 ग्रॅम पुरतं, म्हणजे द्रावणाची तीव्रता अर्धा मिलिमोलर. हात सैल सोडून जास्त टाकलं की पीक वाढायच्या ऐवजी थांबतं, म्हणून छोटा डिजिटल काटा घ्याच. ब्रासिनोलाईडच्याच कुळातलं होमोब्रासिनोलाईड 0.04 टक्क्याचं तयार मिळतं, मात्रा लेबलवरची. ते महाग आहे, आणि फुलोऱ्यानंतरच्या फवारणीचा पैसा मला तरी वसूल झालेला दिसला नाही. फळं थोडी जड वाटली, पण वाटली एवढंच.

जिब्रेलिक अ‍ॅसिड, म्हणजे वाढ ताणणारं संप्रेरक, मी टोमॅटोवर नाही वापरलं. वाढ रोखणारं क्लोरमेक्वाट तर नकोच. द्राक्षवाल्यांना 2010 आठवत असेल, अवशेष सापडले म्हणून युरोपात कंटेनर अडले होते. शिवाय 'क्षारावर रामबाण टॉनिक' म्हणून दुकानात ज्या रंगीत बाटल्या पुढं सरकवतात, त्यावर घटक आणि टक्केवारी नसेल तर परत द्या. 2021 पासून जैवउत्तेजकं, म्हणजे पिकाची वाढ चेतवणारी अशी टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा लेबल मागायचा हक्क आहे आपला.

बोअरचं पाणीच खारं असेल तर आधी त्याचा ईसी काढा. चोपण, म्हणजे सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि माती चिकट, तर जिप्सम आणि निचऱ्याशिवाय पर्याय नाही. बाटलीला तिथं कामच नाही.

एकूण रेटिंग: बीजप्रक्रियेला आणि लावणीच्या पहिल्या दोन फवारण्यांना पाचपैकी चार, पुढच्या फवारण्यांना दोन. यंदा वरच्या अंगाला एवढंच करणार. खालच्या कोपऱ्यात निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकायचं ठरलंय, चर खोदायला मशीन मिळालं की. आणि त्यावर फुले 265 या क्षार सोसणाऱ्या जातीचा ऊस.