मामलेदार मिसळ: कचेरीच्या आवारातला धंदा

तहसीलदाराला पूर्वी मामलेदार म्हणत. सरकारी कागदांतून हा शब्द मागे पडला असला, तरी ठाण्यात तो एका मिसळीच्या नावाने रोज घेतला जातो. 1946 मध्ये नरसिंह मुर्डेश्वर यांनी तहसीलदार कचेरीच्या आवारात हे उपाहारगृह सुरू केले आणि पुढे त्यांचे पुत्र लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी त्याचे नाव ठाण्याबाहेरही पोहोचवले. 2020 मध्ये लक्ष्मण यांचे निधन झाले.

मिसळ तिखट हवी, मध्यम की कमी तिखट, हे आधी सांगावे लागते. पहिल्यांदा येणाऱ्याने मध्यमच्या पुढे जाऊ नये. माझ्या मेव्हण्याने हट्टाने तिखट मागवली, दुसऱ्या घासाला पाण्याचा पेला उचलला, चौथ्या घासाला ताक मागवले, आणि तरीही शेवटच्या पावाने ताटली पुसून घेतली. फरसाण रश्श्यात मऊ पडण्याआधी आणि वरचा कांदा करकरीत आहे तोवरच ही मिसळ खावी. गप्पा मारत खाण्याचा हा पदार्थ नव्हे.

मला मात्र चवीइतकेच या धंद्याच्या बांधणीचे कौतुक वाटते. हॉटेलचालकाला गिऱ्हाईक कमी आल्याने जेवढा फटका बसतो, तेवढाच उरलेल्या मालामुळेही बसतो, आणि पदार्थांची यादी जितकी लांब तितका उरणारा माल जास्त. मिसळीवरच भर ठेवला की खरेदी नेमकी होते, आचाऱ्याचा हात बसतो आणि टेबल लवकर रिकामे होते. शिवाय जागाही अशी, की दाखला, सातबारा किंवा प्रतिज्ञापत्रासाठी आलेल्या माणसाला साहेबांची वाट पाहता पाहता भूक लागणारच. अर्थात, कामापुरते येणारे गिऱ्हाईक काम नसतानाही येऊ लागते, ते केवळ जागेमुळे नव्हे. त्यासाठी मालकाला वर्षानुवर्षे तोच रस्सा, त्याच चवीचा, रोज सकाळी तयार ठेवावा लागतो.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात गेल्या महिन्यात मी चीज घातलेली मिसळ खाल्ली, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवला. तिथे मिसळीचेच अकरा प्रकार होते, रस्सा कोमट होता आणि दुसऱ्या वाटीचे पैसे बिलात वेगळे लावले होते.

मामलेदारला जायचे असेल तर कामाच्या दिवशी सकाळी लवकर जावे, आणि पांढरा सदरा घालू नये.