क्लॉपचं प्रेसिंग की रानिएरीचा पलटवार?

फुटबॉल क्लबचा मॅनेजर जोखताना मी आधी एवढंच बघतो: त्याची खेळण्याची पद्धत आणि त्याची खरेदी एकमेकांना धरून आहेत का?

क्लॉपच्या लिव्हरपूल या इंग्लिश क्लबमध्ये चेंडू गेला रे गेला की तो परत मिळवायला तीन-चार जण तुटून पडायचे; हेच प्रेसिंग. त्यासाठी बचावफळी बरीच पुढे आणावी लागते, आणि मागे मोकळं रान उरतं. तिथे धावणारा, हवेतले चेंडू जिंकणारा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) हवाच. म्हणून जानेवारी २०१८ मध्ये व्हॅन डाइकसाठी ७.५ कोटी पौंड मोजले, त्याच महिन्यात आक्रमक मिडफिल्डर कुटिन्यो बार्सिलोनाला विकला. उन्हाळ्यात गोलकीपर आलिसन आला. २०१९ मध्ये युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली, पुढच्या हंगामात ९९ गुणांसह इंग्लंडची प्रीमियर लीग. कुटिन्यो गेला तेव्हा कपाळाला हात लावणाऱ्यांत मीही होतो!

रानिएरीचं लेस्टर, हाही इंग्लिश क्लबच, पण उलटं. खोल बचाव, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे राहू द्यायचा, हिसकावला की थेट स्ट्रायकर वार्डीच्या धावेत. मधल्या फळीतला कान्टे आणि विंगर माहरेझ फ्रान्समधून स्वस्तात मिळालेले. २०१५-१६ मध्ये ८१ गुण आणि प्रीमियर लीगचं विजेतेपद. पण कान्टे चेल्सीला गेला नि मधली फळी उघडी पडली. फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरीची हकालपट्टी झाली.

पैसा आणि धीर असेल तर मी क्लॉपची वाट धरीन. तिजोरी रिकामी असताना मात्र प्रेसिंगचा हट्ट धरणाऱ्या मॅनेजरपेक्षा मला रानिएरी परवडेल. फक्त कान्टे विकण्याआधी त्याची जागा घेणारा हाताशी हवा.