सेकंडहँड फायरवॉल घेताय? पोर्ट मोजू नका, त्याच्या मागे काय जोडलंय ते बघा

चार महिने झाले, अजून राग जात नाही म्हणून लिहितोय. ऑफिससाठी रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधला ट्रॅफिक तपासणारा बॉक्स, ऑनलाइन घेतला, नवीन घ्यायचं बजेट नव्हतं. विकणाऱ्याने सांगितलेलं की आठ गिगाबिट पोर्ट, सगळे स्वतंत्र, दोन टेन-जी (१० जीबीपीएसचे) एसएफपी प्लस, म्हणजे मॉड्यूल बसवायचे खाचे, आणि लॉगसाठी (ट्रॅफिकच्या नोंदींसाठी) नवीकोरी एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाची, एसएसडी. चालू करून दाखवा म्हटलं तर व्हिडिओ कॉलवर दाखवला पण, आठही पोर्टचे हिरवे लाइट लागलेले. आता कळतंय की त्याने एका पोर्टातून शेजारच्या पोर्टात छोट्या पॅच कॉर्ड लावल्या होत्या. अशी केबल फिरवली की दोन्हीकडचे लाइट लागतातच, मागे कुठली चिप आहे ते त्यावरून अजिबात कळत नाही.

बॉक्स आल्यावर मी टेस्टही केली. दोन लॅपटॉप लावून आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवलं, ९४० एमबीपीएस मिळाले, गिगाबिटवर साधारण एवढेच मिळतात, म्हटलं झालं काम. इथेच चुकलो, कारण मी एका वेळी पोर्टांची एकच जोडी तपासली. पुढे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एका जोडीवर आणि बॅकअप दुसऱ्या जोडीवर एकदम सुरू झाला की सगळं रखडायचं, आणि मी आठवडाभर केबल बदलत बसलो. शेवटी दोन जोड्या एकत्र टेस्ट केल्या तर प्रत्येकी ४७० च्या आसपास. एलएसपीसीआय कमांड (बोर्डवर काय काय जोडलंय ते दाखवते) मारली तर त्या आठ पोर्टांसाठी नेटवर्क कंट्रोलर, म्हणजे पोर्ट चालवणाऱ्या चिप, दोनच. एक वॅनला (इंटरनेटकडच्या पोर्टाला), आणि बाकीचे सात पोर्ट एका स्विच चिपवर, ती चिप एकाच १ जीबीपीएस लाइनने प्रोसेसरला जोडलेली. स्विच चिप असणं वाईट नाही, छोट्या बॉक्समध्ये असते. पण मग 'सगळे स्वतंत्र' असं सांगून विकायचं नाही ना. आणि त्या सातातले दोन पोर्ट एकाच लॅनमध्ये (आतल्या एकाच नेटवर्कमध्ये) ठेवले तर त्यांच्यातला ट्रॅफिक चिपवरच फिरतो, फायरवॉलला दिसतच नाही.

एसएफपीचं तर सरळ खोटं निघालं. टेन-जी मॉड्यूल लावलं तर लिंकच येईना. एसएफपी आणि एसएफपी प्लसचा खाचा बाहेरून सारखाच दिसतो, मॉड्यूल आत बसतं पण. एथटूलमध्ये (पोर्टचा स्पीड दाखवणारी कमांड) १ जीबीपीएसच्या वर कुठलाच स्पीड नव्हता. 'टेन-जी' लिहिलेल्या पट्टीच्या कडेला नख लावलं तर ती सोलून आली आणि खाली छापलेलं होतं नुसतं 'एसएफपी'.

पण खरं नुकसान डिस्कने केलं. एके दिवशी जुने लॉग काढायला गेलो तर ११ दिवसांचे लॉगच नाहीत. डिस्कवर लिहिताना एरर यायला लागले की लिनक्स बऱ्याचदा फाइल सिस्टिम रीड-ओन्ली करून टाकतं, ट्रॅफिक मात्र चालू राहतो, त्यामुळे कोणाला पत्ताच लागत नाही. स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या 'स्मार्ट' नोंदी वाचणारी कमांड) पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिलेले तास, ४१ हजारांच्या वर, म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त चाललेली डिस्क! उघडून बघितली तर कनेक्टरला दोन खाचा, एम डॉट टू आकाराची साधी साटा (एनव्हीएमईपेक्षा हळू, जुन्या पद्धतीची) डिस्क. मग खरी एनव्हीएमई लावून बघितली, तर ती दिसेचना, कारण बोर्डवरच्या त्या स्लॉटला फक्त साटाच्या लाइन दिलेल्या. एम डॉट टू हे नुसत्या आकाराचं नाव आहे हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणाला, "सर, तुम्ही सील तोडलंय, आता काही होणार नाही." परतीची मुदत पण संपलेली.

तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून एलएसपीसीआय, प्रत्येक पोर्टचं एथटूल आणि स्मार्टसीटीएल या तिन्हींचं आउटपुट मागा, त्याच फोटोत बॉक्सवरचा सिरियल नंबर दिसायला हवा. स्मार्टचे आकडे रीसेट करणारेही असतात, म्हणून डिस्क हातात आल्यावर पूर्ण क्षमतेएवढं लिहून, परत वाचून बघा. आणि आयपर्फ सगळ्या पोर्टांवर एकदम चालवा, मुदत संपायच्या आत.

माझ्या त्या विकणाऱ्याने परत तसाच बॉक्स विकायला टाकलाय. फोटो झूम केला तर एसएफपीवरची पट्टी किंचित तिरकी दिसते.