घट्ट की कुहरी? इंदूरच्या काळ्या दगडातली निवड

इंदूरला काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा दगड लागतो. दगड लागला की झालं, असं समजून पाया भरायची घाई होते. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या एकाच थरात दोन तऱ्हेचे दगड सापडतात. थराच्या पोटात सावकाश थिजलेला तो घट्ट बेसाल्ट. माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि मागाहून त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, अकीक अशी खनिजं भरली, तो कुहरी बेसाल्ट.

ओळखायला ताजा फोडलेला तुकडाच हवा; उन्हापावसात राहिलेला पृष्ठभाग फसवतो. घट्ट दगडावर हातोडी खणकते आणि कडा धारदार निघतात. कुहरी दगडात पांढरे ठिपके दिसतात. ठिपका सुरीने ओरखडला जातो आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसतो, तर कॅल्साइट. ओरखडा उठतो पण फसफसत नाही, तर बहुधा झिओलाइट. सुरीला दादच देत नाही, ते अकीक किंवा गारगोटी.

काँक्रीटच्या गिट्टीला घट्ट दगडच घ्यावा. शंका असेल तर 2 किलो गिट्टी धुऊन 24 तास पाण्यात ठेवा, फडक्याने वरचं पाणी टिपून तोला, मग 100 ते 110 अंशांवर 24 तास वाळवून पुन्हा तोला. कोरडं वजन 2000 ग्रॅम आणि ओलं 2016 भरलं, तर शोषण 0.8 टक्के: माल चांगला. 2056 भरलं तर 2.8 टक्के, तो माल परत करा. असा दगड काँक्रीटमधलं पाणी ओढतो, मिश्रण कोरडं पडतं आणि वरून पाणी मारायचा मोह होतो. अकिकाचं भय निराळंच: सिमेंटमधल्या अल्कलीशी त्याची क्रिया होऊन काही वर्षांनी काँक्रीटला जाळीदार तडे जाऊ शकतात.

तळघर किंवा जमिनीखालची टाकी असेल तर मात्र कुहरीकडे झुकावं. घट्ट दगड थंड होताना आकसला, म्हणून त्यात सांधे, म्हणजे भेगा, फार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तिथूनच येतं. न कुजलेला कुहरी दगड बहुधा सलग असतो, पाणी अडवतो आणि दोन-तीन मजली घराचा भार सहज पेलतो.

दगड कुठलाही लागो, पायाच्या रुंदीच्या दीडपट खोलीपर्यंत भोक पाडून बघाच. दोन थरांमध्ये तांबड्या मातकट दगडाचा पट्टा असू शकतो. कोरडा असताना तो टणक वाटतो; त्याचा तुकडा पाण्याच्या वाटीत टाकून ठेवा. तो विरघळल्यासारखा सुटायला लागला, तर पाया त्याच्या खालच्या दगडावर न्या.